खालचा आकडा

मी ऑक्सिमीटर. काडेपेटीएवढा जीव, बोटाला चिमट्यासारखा बसतो. औषधाच्या दुकानातून मला आणलं ते कवायतीच्या मास्तरांसाठी. त्यांना विषाणूचा ताप होता, खोकून खोकून बरगड्या दुखत होत्या आणि घरादाराचं लक्ष त्यांच्या फुप्फुसांकडे लागलं होतं. त्या गडबडीत माझं माहितीपत्रक खोक्याबरोबर कचऱ्यात गेलं.

माझ्या तोंडावर दोन आकडे उमटतात. वरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा, खालचा नाडीच्या ठोक्यांचा. मास्तरांची लेक रोज वरचा आकडा वहीत लिहायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "बाबा, हा खालचा कसला?"

"बॅटरी असेल," मास्तर म्हणाले.

मी हादरलो! पण सांगणार कुणाला?

ताप उतरला, खोकला गेला. वर अठ्ठ्याण्णव, घर खूश. खाली मात्र ब्याण्णव, मग एकशे आठ, मग एकशे अठ्ठावीस. तेही माणूस नुसता खुर्चीत बसलेला असताना!

"बॅटरी काय मस्त आहे हो याची! वाढतच चाललीय," लेकीची आई कौतुकानं म्हणाली. माझं डोकं बधिर झालं.

आठव्या दिवशी मास्तर बूट घालायला वाकले आणि तसेच जमिनीवर कोसळले.

"फुप्फुसं साफ आहेत," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदयाच्या स्नायूला सूज आलीय. हा आजार फुप्फुसांपुरताच राहतो असं नाही. हृदय, मूत्रपिंड, मेंदू, कुठंही त्रास देऊ शकतो. ठोके इतके वाढलेले कुणी पाहिले नाहीत?"

वही हातात घेऊन उभी असलेली लेक पांढरीफटक पडली. वाचकहो, यंत्र घरात आणता, तर ते काय दाखवतं एवढं तरी दुकानदाराला विचारत जा हो!

मास्तर वाचले. तीन आठवड्यांनी घरी आले. पण धावणं बंद, जिना बंद, आणि हृदय पहिल्यासारखं होईल का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत.

लेक मला हात लावेना. काल मास्तरांनीच मला तिच्या बोटाला लावलं. "वाच. दोन्ही वाच."

"वर नव्व्याण्णव. खाली एकशे चौदा." तिला रडू फुटलं. "मी लिहायला हवं होतं, बाबा."

"बॅटरी मी म्हणालो होतो. तुझं काळीज भीतीनं धावतंय गं. बस जरा, उतरेल."

ती बसली. आकडा हळूहळू नव्वदीच्या खाली आला.

मग त्यांनी मला स्वतःच्या बोटाला लावलं. खाली एकशे सहा. दोघंही बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. तो आकडा काही उतरेना.