तळातलं आणि वरचं

मित्रांनो, मी एक जुना पितळी डाव आहे. खेळातला नव्हे, पातेल्यातून ताटात वाढतात तो. स्वयंपाकघरात शिरलात की समोरच्या खिळ्याला लटकलेला दिसेन. मानेत थोडा वाकलो आहे आणि दांडा एकदा निखळला होता, त्याला डाग दिला आहे. पण आवाज अजून खणखणीत आहे.

मला ठोकून ठोकून घडवणारा कारागीर मोठा हौशी होता. "असा खोल केलाय, की कुणाचं पोट रिकामं राहायचं नाही," असे तो मला विकताना म्हणाला. ते ऐकून मी जो फुगलो, तो या घरी येईपर्यंत फुगलेलाच होतो. मध्यंतरी स्टीलचा एक चकचकीत डाव आला आणि मी महिनोन्महिने फळीवर धूळ खात पडलो. पण त्याचा दांडा आखूड. मोठ्या पातेल्याच्या तळाशी पोहोचायला शेवटी मीच लागलो.

घराखाली सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. ते चालवणारे बाबा दुपारी हाताचे वंगण घासून घासून धुतात आणि वर येतात. मग ते, दादा आणि धाकटी भिंगरी जेवायला बसतात. आई वाढते आणि मागून बसते. भिंगरी हे काही तिचे खरे नाव नव्हे. पण ती एका जागी बसलेली मी तरी पाहिलेली नाही. अपवाद फक्त रश्शाच्या दिवसाचा. बटाटे, वाटाणे आणि गाजराचे मोठे तुकडे घातलेला आईचा रस्सा म्हणजे तिचा जीव की प्राण.

आई सगळ्यांना सारखेच, दोन-दोन डाव वाढायची. बघणाऱ्याला वाटावे, काय चोख वाटणी! पण मी पातेल्यात कुठवर बुडतो, हे फक्त मलाच ठाऊक. बाबांच्या आणि दादाच्या वेळी आई मला थेट तळाशी नेई आणि मी बटाट्यांनी गच्च भरून वर येई. भिंगरीच्या वेळी मात्र वरच्यावर फिरवी. तिच्या ताटात नुसते पाणी आणि चुकून आलेला एखादा वाटाणा.

आईचा मुलीवर जीव नव्हता का? होता हो! भिंगरीला ताप आला की आई तिच्या उशाशी ठाण मांडून बसे. पण सासूबाईंनी जसे वाढायला शिकवले, तेच वळण तिच्या हाताला पडले होते.

"आई, मला दादासारखं दे ना!" भिंगरी म्हणे.

"तुलाही दोनच डाव वाढले ना? भारी हावरट बाई तू!"

भिंगरी ताटात बघत राही. काहीतरी खुपत होते, पण त्याला म्हणतात काय, हे तिला माहीत नव्हते. तिच्याजवळ एकच शब्द होता, तोही तिलाच चिकटवलेला. एकदा मला घासता घासता ती पुटपुटली, "मी हावरटच आहे वाटतं." पुढे तिने मागणेच सोडून दिले.

मग एक दिवस आत्या राहायला आली. बाबांची थोरली बहीण, इस्पितळात नर्स. दोन वेण्या घालून ती याच घरात जेवायला बसायची, तेव्हापासूनची आमची ओळख. मला पाहताच म्हणाली, "काय रे म्हाताऱ्या, अजून आहेस होय!"

जेवताना तिने दादाचे ताट पाहिले, मग भिंगरीचे, मग पातेल्यात शिरणाऱ्या मला पाहिले. जेवणानंतर वाटाणे सोलताना तिने भिंगरीला विचारले, "तू मागून का घेत नाहीस गं?"

"मी हावरट आहे ना."

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कुणी सांगितलं? पोटभर मिळूनही आणखी ओढतो, तो हावरट. एकाच पातेल्यातून एकाला तळातलं आणि दुसऱ्याला वरचं वाढलं, तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात. घरच्याच माणसाला परक्यासारखं वागवलं, तर दुजाभाव. खेळात पंच एकाच्याच बाजूनं झुकला, तर पक्षपात. पुष्कळ शब्द आहेत, बाळा. म्हणजे तुझ्याआधी पुष्कळांना हे खुपलंय. मलाही खुपलंय, इथेच बसून. पण कुणाला टोचायला नाहीत हं ते. आपलं दुखतंय कुठे, ते सांगता यावं म्हणून आहेत."

भिंगरीचा चेहरा असा खुलला म्हणता! दोन दिवस तिने नुसता धुमाकूळ घातला. पंखा दादाकडे जास्त वळला, पक्षपात. मांजर बाबांच्याच मांडीवर बसले, दुजाभाव. आत्या हसून हसून बेजार झाली.

मग पुन्हा रस्सा झाला. आईने मला वरच्यावर फिरवून भिंगरीच्या ताटाशी आणले. भिंगरी हळूच म्हणाली, "आई, मी हावरट नाही. हा पंक्तिप्रपंच आहे."

मी आपला मधल्या मध्ये लटकलेला. "अगं, दोन-दोन डाव..." म्हणता म्हणता आईने दादाच्या ताटात पाहिले, मग माझ्यात पाहिले आणि ती थांबली.

"वहिनी," आत्या मायेने म्हणाली, "माझ्या आईनं तुला स्वयंपाक शिकवला, त्याबरोबर हेही शिकवलं वाटतं."

दादा कानकोंडा झाला. "मला वाटायचं, हिला बटाटे आवडतच नाहीत."

आईने मला पातेल्यात रिकामे केले, तळापासून ढवळले आणि भिंगरीला वाढले. बटाटा, गाजर, वाटाणे, सगळे आले. पण भिंगरी घास घेईना.

"आई, तुला कधी तळातलं मिळालं?"

आई आठवू लागली. माहेरचे आठवले, सासरचे आठवले, आणि तिचे डोळे भरून आले. भिंगरी उठली. तिने मला आईच्या हातातून काढून घेतले, पार तळाशी नेले आणि आईच्या रिकाम्या ताटात पालथे केले. त्या ताटात बटाटा पडताना मी पहिल्यांदा पाहिला. "बस आता आमच्याबरोबर," भिंगरी म्हणाली.

मित्रांनो, मला चिंचेने घासून लखलखीत ठेवा, असे मी सांगणार नाही. थोडा काळा पडलो तरी चालेल. पण वाढायच्या आधी तळापासून ढवळत जा. आणि जो वाढतो आहे, त्याच्या ताटात काय पडले, तेवढे बघत जा.