चार बोटं कमी

मी एकशे तीस सेंटिमीटरची काठी बोलतेय. म्हणजे जन्मले तेव्हा होते एकशे तीसची. आता किती उरलेय, तेच तर सांगायला बसलेय.

माझा जन्म आगीतला. दहा वर्षांपूर्वी आमच्या टेकडीवर वणवा लागला आणि दोन दिवसांत अर्धं जंगल गेलं. माझ्या झाडाची एक बाजू कोळसा झाली, दुसऱ्या बाजूची एक फांदी तेवढी वाचली. ती मी. आग विझल्यावर मोजणीवाल्या ताई आल्या. किती लाकूड जळालं आणि त्यातला किती कार्बन धुरावाटे हवेत गेला, हे त्यांना काढायचं होतं. त्यासाठी जळके बुंधे मोजायचे. झाडाचा घेर खाली जास्त, वर कमी, म्हणून सगळ्यांचा घेर एकाच उंचीवर, माणसाच्या छातीपाशी मोजतात. ती उंची दाखवायला एक काठी हवी होती. वाट दाखवायला आलेल्या काकांनी मला तोडलं, सोललं, टेपने मापून एकशे तीसवर कापलं.

काका टेकडीच्या पायथ्याशी भाजी पिकवायचे. बांधावरचं वाळकं गवत त्यांनीच पेटवलं होतं. वारा फिरला आणि पुढचं हाताबाहेर गेलं. कुणी विचारायच्या आत ते स्वतः वनखात्याच्या कचेरीत जाऊन सांगून आले, "आग माझ्या हातून लागली." शिक्षा झाली, ती भोगून झाली, पण माणूस काही त्यातून मोकळा झाला नाही. जळक्या भागात रोपं लावायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी खड्डे खणायला तेच हजर होते.

रोपं लहान होती तोवर मला काही काम नव्हतं. कचेरीच्या कोपऱ्यात छत्र्या आणि झाडूच्या शेजारी मी सहा वर्षं काढली. कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटले. एकदा तर शिपायाने मला वापरून माळ्यावरचं मांजर हुसकावलं. रोपं माझ्या डोक्यावरून गेली तेव्हा कुठे ताईंना माझी आठवण झाली.

मग सुरू झालं माझं खरं आयुष्य. झाड वाढतं ते हवेतला कार्बन ओढून घेतच. दरवर्षी घेर किती वाढला ते मोजलं की किती कार्बन परत आला ते निघतं. टेकडीवर चौदा चौकोन आखले होते, त्यांत सहाशे बारा झाडं. काका मला बुंध्याशी उभी करायचे, माझ्या डोक्याच्या उंचीवर ताई टेप गुंडाळायच्या, आकडा लिहायच्या. पहिल्या वर्षी त्या उंचीवर पांढरे पट्टेही मारले होते, पण कोवळ्या सालीवर ते टिकले नाहीत. सगळी भिस्त माझ्यावर. माझी छाती अशी फुगली होती म्हणून सांगू.

मोजणी संपली की ताई मला काकांकडेच ठेवून जायच्या. काकांचा गुडघा दुखरा. ते मला टेकतच वणव्यावर नजर ठेवायला रोज टेकडी चढायचे. दगडांवर आपटून माझं टोक चिरायचं. मग काका ओट्यावर बसून सुरीने ते टोक नीट छाटून द्यायचे, वर हात फिरवून बघायचे. माझी इतकी काळजी कुणी घेतली नव्हती. मला काय ठाऊक, त्या मायेतच घोळ होता.

चौथ्या मोजणीनंतर ताईंनी आकडा काढला. आगीत जेवढा कार्बन गेला, तेवढा परत यायला अजून पंधरा वर्षं. अहवाल कचेरीत गेला. शेजारच्या उजाड टेकडीवर लागवड केली तर काय साधेल, तेही याच आकड्यावरून ठरणार होतं.

काका चौसष्टचे. त्यांनी बोटांवर मोजलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की दहा वर्षांत मी तसा पाहिला नव्हता. "ऐंशीच्या आत," ते न्हाव्याला म्हणाले. "ऐंशीच्या आत," नातीला म्हणाले. "माझ्या हातून गेलं ते माझ्या डोळ्यांदेखत भरून येणार."

पंधरवड्याने ताई नवीन चौकोन आखायला आल्या. पाणी प्यायला त्या आणि काका एका जुन्या झाडाखाली थांबले. हे आगीतून वाचलेलं, जाड सालीचं झाड मोजणीत नव्हतं. पहिल्या वर्षी रंग कसा बसतो ते बघायला ताईंनी मला टेकवून त्यावर एक पट्टा मारला होता आणि विसरूनही गेल्या होत्या. काकांनी मला त्याच बुंध्याला टेकवलं. ताईंनी पाण्याची बाटली खाली ठेवली. पट्टा माझ्या डोक्याच्या चार बोटं वर होता.

"झाड वाढलं ना, ताई. पट्टाही वर सरकला असेल," काका म्हणाले.

"नाही काका. झाड शेंड्याला वाढतं. खोडावरची खूण जागची हलत नाही."

त्यांनी टेप काढून मला मोजलं. एकशे तेवीस. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दरवर्षी मी थोडी खाली मोजत होते, तिथे घेर थोडा जास्त भरत होता. आणि वर्षाची वाढ असते जेमतेम सेंटिमीटरभर, तिथे एवढी चूकही मोठी.

काकांनी खिशातून सुरी काढून ताईंच्या हातात दिली. "मीच छाटत आलो. टोक चिरायचं म्हणून." थोड्या वेळाने हळूच विचारलं, "पंधराचे किती होतील?"

"पुन्हा मोजल्याशिवाय नाही सांगता यायचं."

ताईंनी तिथूनच मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अहो, चार बोटांनी काय होतंय? टेकडी चांगली आहे, आकडा चांगला आहे."

"टेकडी चांगलीच आहे, साहेब. आकडा चुकलाय. अहवाल परत पाठवा."

नवा लोखंडी गज आला. सहाशे बारा झाडं पुन्हा मोजली. अकरा दिवस काका गुडघ्याला फडकं बांधून प्रत्येक झाडापाशी गेले, कुणी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बाराव्या दिवशी आकडा आला, अठरा वर्षं.

"म्हणजे ब्याऐंशी," काका म्हणाले. नात शेजारीच होती. तिच्याकडे बघून म्हणाले, "ऐंशीच्या आत नाही जमत गं. तीन वर्षं जास्त चालावं लागेल."

मला वाटलं, आता माझी रवानगी चुलीत. खोट्या मापाची काठी कोण ठेवेल? पण ताईंनी सुरी काकांना परत दिली आणि मागोमाग मलाही. "मोजायला गज आहे. चालायला हीच लागेल तुम्हाला. हिला हवी तेवढी छाटा."

ताईंचे उपकार मी कसे फेडू? त्यांनी चूक लपवली नाही, आणि चुकलेल्याला टाकलंही नाही. त्या जुन्या झाडाचेही आभार. त्याने माझी खरी उंची जपून ठेवली नसती, तर खोट्या आकड्यावर दुसरी टेकडीही उभी राहिली असती. आता ताई दरवर्षी झाडांना हात लावण्याआधी गज मोजून घेतात. तुम्हीही कशाला माप लावाल, तेव्हा आधी मापाला माप लावा, एवढीच माझी विनवणी.

मी आता एकशे अठराची आहे. रोज काकांबरोबर टेकडी चढते, रोज थोडी झिजते, आणि कुणाचं काही बिघडत नाही. जुन्या झाडापाशी आलो की काका मला पट्ट्याखाली उभी करतात, मधलं अंतर बोटांनी मोजतात आणि म्हणतात, "चल, अजून बरीच शिल्लक आहेस." मग आम्ही पुढची चढण धरतो.