नदीवाली पुढं कुठं गेली

"लहान पोरांचं नोको, मॅडम. अन लग्न झालेल्या बायांचंबी नोको."

दिव्यानीनं टेबलावर दोन्ही हात टेकले आणि मंजुषाकडे असं पाहिलं, की मधलं काही निघालं नाही तर तो दोष तिचाच.

"मंग उरलं काय?"

"थेच तं विचारून राह्यली."

चामोर्शीहून आत वळलं की लागणाऱ्या या गावात वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची जुनी खोली. एका भिंतीला चित्रांची पुस्तकं, दुसरीला जाडजूड कादंबऱ्या, पोथ्या आणि पोलीस भरतीचे गठ्ठे. सोळा-सतराच्या पोरी यायच्या, दोन भिंतींच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि काहीच न घेता निघून जायच्या. नोकरी लागली तेव्हाच मंजुषाला हे दिसलं होतं. तेव्हापासून जिथं मिळेल तिथून ती एका वेगळ्याच जातीची पुस्तकं गोळा करत आली होती: ज्यांत कुणीतरी आता लहान उरलेलं नाही आणि मोठं व्हायला अजून धजत नाही. त्यांच्यासाठी तिनं खिडकीखाली एक फळी ठोकून घेतली. प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचायची. तिची तान्ही पिऊ झोळीत झोपली की एका हातात दोरी, एका हातात पान. पिऊ चुळबुळली की नायिका असेल तिथं थांबायची.

पुस्तक देण्याची तिची एक रीत होती. "काय आवडतं?" असं ती विचारत नसे. त्यावर पोरी "काहीबी" म्हणतात.

"काल कोणावर चिडली होतीस?"

दिव्यानी जराशी बावचळली. "मायवर."

"काऊन?"

"बोलतच नाई ना थे. गडचिरोलीले नर्सिंगले नंबर लागला म्हणून सांगतलं, तं म्हणे धानाच्या पऱ्ह्याच्या पेंढ्या बांध. हो नाई, नाई नाई."

मंजुषानं फळीवरून एक निळं पुस्तक काढलं. नदीकाठच्या एका नावाड्याच्या पोरीची गोष्ट होती ती. सतराव्या वर्षी घर सोडून निघते, वाटेत चुकते, फसते, शिकते. त्याचं शेवटचं प्रकरण मंजुषानं चुलीपुढे उभ्यानं वाचलं होतं आणि दूध उतू गेलं होतं. हे पुस्तक आपल्याला सतराव्या वर्षी का कुणी दिलं नाही, याचा राग तिला आठवडाभर पुरला होता.

"शेवट पयले वाचजो नोको," ती म्हणाली.

मग रोवणी लागली आणि वाचनालय ओस पडलं. धानाच्या बांध्यांमध्ये रोपं लावायला सगळं गाव वाकलेलं. एका दुपारी खिडकीच्या गजांतून रुखमाचा चेहरा आत डोकावला. रोवणाऱ्या बायांमध्ये ही सगळ्यांत म्हातारी, गाणी तिचीच चालायची.

"मॅडम, थे नदीवाली कुठी गेली वो?"

"कोण नदीवाली?"

"घ्या. पुस्तक तुमचं अन मलेच विचारता. दिव्यानी रोज रोवता-रोवता सांगे. आमी तं गाणे सोडून देले तिच्यापायी. आता गोष्ट आली काठावर, अन पोट्टीच्या तोंडाले कुलूप. म्हणे पुढचं वाचलं नाई. खोटारडी."

"तिलेच सांगू द्या, आजी."

"तुमचं बरं हाये. इथी आमची कंबर मोडली, अन थे बया अजून नावेतच बसून. उतरव म्हणा तिले, नाई तं बुडव."

मंजुषा हसली आणि हसता हसता थांबली. पुस्तक आपण एका पोरीला दिलं, अशी तिची समजूत होती. रोवणीत कुणाचं काही एकट्याचं नसतं. बांधावर डबे उघडले की कुणाचा भात कुणाच्या तोंडी जातो कळत नाही. याच गावची सून असून, तिथं गोष्टही एकटीची राहणार नाही, हे तिला सुचलं नव्हतं. आणि त्या ओळीत दिव्यानीची माय ललिताही होती.

संध्याकाळी दिव्यानी आली. पाण्यात राहून बोटं पांढरी, सुरकुतलेली.

"वाचून झालं?"

तिनं मान डोलावली.

"मंग सांगत काऊन नाई?"

"माय बाजूलेच रोवते, मॅडम. गोष्टीवर काईच बोलत नाई. पण थे नदीवाली घरून निघाली ना, तवा तिचा हात थांबला होता. मी पाह्यलं." दिव्यानी खिडकीबाहेर बघत राहिली. "आता मी शेवट सांगतला, तं माह्याच तोंडानं मी जातो म्हटल्यासारखं होईन. सोमवारी कॉलेजात नाव पक्कं करा लागते. नाई गेली तं जागा जाते."

"मंग?"

"परत आणू का तिले? गोष्टीत? कोणाले समजते."

पुस्तक कुणाला द्यायचं ते मंजुषाला कळत होतं. दिल्यावर ते माणसाचं काय करतं, याचं कुतूहल तिला कायम होतं; पण ते असं समोर उभं राहून विचारेल, असं वाटलं नव्हतं.

"तुले आणावंसं वाटते का?"

"नाई," दिव्यानी म्हणाली, आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ललिता आली. पाय हापशीवर धुतलेले, पदर खोचलेला, हातात प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळलेलं निळं पुस्तक. वाचनालयात ती पहिल्यांदाच आली होती. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"हे तुमीच देलं ना पोट्टीले?"

"हो." मंजुषानं बोलणी खायची तयारी केली.

"मले वाचता येत नाई. थे परत येते का?"

खोटं अगदी जिभेवर होतं. एका शब्दाचं काम. बाईचा जीव थंड झाला असता, पोरगी जाणार नाही असंच तिनं धरलं असतं, आणि सोमवारी दिव्यानी बांधीतच राहिली असती.

"नाई येत, ललिताबाई."

ललितानं सावकाश मान डोलावली. "वाटलंच मले. येत असती तं पोट्टीनं कवाच सांगतलं असतं."

पन्नीतलं पुस्तक तिनं या हातातून त्या हातात घेतलं.

"अन तिची माय?"

"सुरुवातीले आहे. निघताना तिच्या केसाले तेल लावून देते."

"मंग? मरते?"

"नाई. पुढं तिचं लिहिलंच नाई."

"असं कसं? घरी राह्यलेलं माणूस आहे ना थे. संध्याकाळ तं तिलेबी झाली असंन."

मंजुषानं ते पुस्तक दोनदा वाचलं होतं, आणि दोन्ही वेळा ती पोरीबरोबर नावेत बसून निघून गेली होती. मागं काठावर कोण राहिलं, हे वळून पाहिलं नव्हतं. पिऊची आई असूनही.

"लिहाले पायजे होतं," ती हळूच म्हणाली.

"लिहिणारा असंन एखादा पोट्टाच." ललिता किंचित हसली. मग पन्नी सोडून तिनं पुस्तक पुढं केलं. "दाखवा बरं मले. कुठी जाते थे?"

मंजुषानं शेवटचं पान उघडलं आणि खालची ओळ मोठ्यानं वाचून बोटानं दाखवली. ललितानं बोट पदराला पुसलं, परत पुसलं, आणि मग ओळीवर टेकवलं. चिखलानं नख काळं पडलं होतं, कड उललेली.

"इथून?"

"हो. अन इथवर."

"एवढीशीच?"

"एवढीच."

बोट सावकाश सरकत गेलं, एकेक रोप लावत जावं तसं, आणि ओळ संपली तिथं थांबलं.

"उद्या बायांले मीच सांगतो," ललिता म्हणाली. "पोट्टीले नोको सांगाले लावू. अन सोमवारी सकायची मोटार किती वाजता आहे, पाहून ठेवजा. तिचे कपडे वाळून नाई राह्यले या पाण्यात."

मंजुषानं "हो" म्हटलं. ललितानंही मान हलवली, निघायला म्हणून पाऊल वळवलं. बोट मात्र तिनं पानावरून उचललं नव्हतं. अक्षरं संपली होती, त्यांच्या पुढं पान कोरं होतं.