ममताचा डावा खांब

मी एक जुना बांबू आहे, मित्रांनो. असोद्याच्या मैदानाच्या कडेला रचलेल्या होळीत, एरंडाच्या फांद्यांखाली आडवा पडलो आहे. संध्याकाळी पेटवतील. तेवढ्यात माझं सांगून घेतो.

माझा जन्म सातपुड्याच्या पायथ्याचा. तिथून मला जीवरामनानांच्या केळीच्या बागेत आणलं. घडाच्या वजनाने झाड वाकलं की मी त्याला टेकू द्यायचो. एकदा वावटळीत शेजारची झाडं आडवी झाली, माझं मात्र हललं नाही. नाना कौतुकाने माझी पाठ थोपटायचे. पुढे झाडं बांधायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या आणि मला बांधावर फेकलं. गरज सरो, वैद्य मरो! मग कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

यंदा माघात शाळेच्या हेमलताताईंनी आसपासच्या गावांतल्या मुलींची फुटबॉल लीग सुरू केली. गोलाला खांब हवे होते. नानांनी मला आणि माझ्या एका भावाला देऊन टाकलं. वर दोरी ताणली, झाला गोल! मी डावा खांब.

ममता आमची गोलकीपर. तिचे आईवडील डोंगरातून केळीच्या कामाला आलेले. तिने हौसेने संघात नाव दिलं, पण तिच्या बोलीला मुली हसायच्या, म्हणून ती गप्पच राही. गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं, तिला उभं केलं. बाकीच्या पुढे धावत, मागे आम्ही दोघं. चेंडूवरची नजर न काढता ती हात मागे करून मला चाचपायची. मी लागलो की आपण कुठे उभ्या आहोत ते तिला कळायचं. खरं सांगू? मलाही तिच्याशिवाय कोण होतं! सामना जिंकला की सगळ्या गोल करणारीकडे धावत सुटत. ममता मला टेकून लांबून बघत राही.

आज अंतिम सामना, आणि आजच होळी. काल पोरांनी होळीसाठी लाकडं पळवली, त्यात मलाही उपटलं. सकाळी ममता येऊन पाहते तर माझ्या जागी नुसता खड्डा. तिने मला ढिगात ओळखलं.

हेमलताताई म्हणाल्या, "नाना, तेवढा बांबू काढून द्या."

"ताई, होयीत पडेल लाकूड माघारी नही आनत," नाना म्हणाले.

सगळ्या ममताकडे पाहू लागल्या. तिच्या डोंगरात होळीहून मोठा सण नाही. डोळे भरून आले, तरी ती शाळेतल्या मराठीत म्हणाली, "राहू द्या ताई. होळीचं काढू नये."

खड्ड्यावर मातीचं पोतं ठेवून सामना सुरू झाला. ममताचा हात मागे यायचा आणि रिकामाच परत जायचा. ती गोंधळली, आणि चेंडू तिच्या नि पोत्याच्या मधून आत गेला. उठून धावत जावंसं वाटलं मला, पण बांबूला पाय कुठले?

तेव्हा ऋतिका मागे आली. ती बचावाला खेळते. ममताच्या बोलण्याला हसणाऱ्यांत तीच पहिली होती. पोत्याला खेटून उभी राहत म्हणाली, "हात मांगे कर. मी अठी उभी ऱ्हाते."

मग चेंडू जवळ आला की ऋतिका धावत पोत्यापाशी यायची. आमच्या मुलींनी दोन गोल केले. अगदी शेवटी समोरच्यांना कॉर्नर मिळाला. ममताने हात मागे केला, तो ऋतिकाच्या खांद्याला लागला. मग ममताने झेप घेतली आणि चेंडू छातीशी धरला.

शिट्टी वाजली. सगळ्या नेहमीसारख्या गोल करणारीकडे धावल्या. ऋतिका गेली नाही.

ममताच्या घरच्यांना होळीला डोंगरात नेणारी गाडी रस्त्यावर उभी होती. "होयी झाल्यावर येशील ना?" ऋतिकाने विचारलं. ममता पहिल्यांदाच स्वतःच्या बोलीत भरभरून काहीतरी बोलली. या वेळी ऋतिका हसली नाही, नीट ऐकत राहिली. दोघी बोलत बोलत गाडीकडे गेल्या. माझ्याकडे बघायचं ममता विसरूनच गेली. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? पण बरंही वाटलं.

ते बघा, नाना नारळ घेऊन निघाले. मित्रांनो, बांबू काय, दुसरा मिळेल. पण तुमच्यात कुणी एकटं मागे उभं असेल, तर त्याच्यापाशी जाऊन उभे राहा. त्याने हात मागे केला की त्याला कुणीतरी लागलं पाहिजे.