तीच दोन बेटं

पनवेलच्या शहजादनं होणाऱ्या बायकोला, फिजाला, बेटं दाखवायला एजंटाकरवी करंजातली शिडाची होडी ठरवली, आणि ती नेमकी सफूराच्या भावाची निघाली. शहजादनं तिच्याशी झालेली मंगनी मोडल्यापासून सफूरा दात-ओठ खात अशाच दिवसाची वाट बघत होती. भाऊ सुकाणूवर बसला, तशी तीही चहाचा थर्मास घेऊन होडीत चढली. शहजादचा चेहरा उतरला. पण फिजासमोर तो ओळख कुठल्या तोंडानं सांगणार?

खांदेरीला तो फिजाला वाजणाऱ्या दगडापाशी घेऊन गेला. त्यानं तोंड उघडायच्या आत मागून सफूरा म्हणाली, "खडा मारून बघ, फिजा. तुझ्या हसण्यासारखा वाजतो."

वाक्य शहजादचंच होतं, कधीकाळी इथंच सफूराला ऐकवलेलं.

उंदेरीच्या तटावर त्यानं नुसता समुद्राकडे हात केला, तर सफूरानं शब्द पुरवले, "इथंच घर बांधू. आपण दोघं आणि दर्या."

परतताना वारा पडला आणि होडी जागीच डुलत राहिली. आता पळायलाही वाट नव्हती.

"आपा, यांच्या मनातलं तुम्हाला कसं कळतं?" फिजानं चहाला हात पुढे करत विचारलं, आणि तिच्या बोटातली मंगनीची अंगठी घसरून सफूराच्या मांडीवर पडली.

सफूरानं ती उचलून आपल्या बोटात घातली. अगदी मापात बसली.

"मी परत केली तेव्हा वाटलं होतं," ती म्हणाली, "हिच्यासाठी दुसरी तरी घडवशील, शहजाद."