सत्तर टक्के राखेचा रॅम्प

काँक्रीटवर बावीस वर्षं संशोधन केलेला माणूस स्वतःच्या दारात रॅम्प घालतो म्हटल्यावर घरच्यांनी खरं तर सावध व्हायला हवं होतं. पण सगळ्यांना तो हुशार वाटे. त्यालाही वाटे, घोटाळा तिथेच होता.

पाय मोडून दोन महिने दवाखान्यात काढलेली आई आठ दिवसांनी चाकाच्या खुर्चीवरून घरी येणार होती. तिने बजावून ठेवलं होतं की मला कुणी उचलून आत न्यायचं नाही, मी माझ्या हाताने चाकं फिरवत येईन. म्हणून हा रॅम्प.

म्हातारा गवंडी म्हणाला, नेहमीचं सिमेंट घालू, चार दिवसांत दगड होईल. तर या विद्वानाने त्याची तासभर शिकवणीच घेतली. सिमेंट भाजताना हवा किती नासते, त्यातलं सत्तर टक्के वगळून वीजकेंद्रातली राख घातली तर काँक्रीट पुढे वर्षानुवर्षं कसं घट्ट होत जातं, सगळं सांगितलं. गवंड्याने निमूट ऐकलं आणि एवढंच विचारलं, "थंडीतसुद्धा?" त्याने ते हसण्यावारी नेलं.

त्याच मिश्रणाचे तीन ठोकळे त्याने प्रयोगशाळेत नेले आणि सातव्या दिवशी यंत्राखाली फोडले. ताकदीचा आकडा पाहून स्वारी हवेत. ठोकळे आठवडाभर कोमट पाण्याच्या टाकीत डुंबत होते आणि रॅम्प मात्र घराच्या सावलीत कुडकुडत होता, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. यावरचा प्रश्न तो दरवर्षी परीक्षेत घालायचा, आणि चुकणाऱ्यांचे गुण हातचं न राखता कापायचा.

आठव्या दिवशी आई आली. पुढची चाकं रॅम्पवर चढली आणि कड ओल्या बिस्किटासारखी तुटली. चाक बोटभर रुतलं. त्याची बहीण उचलायला धावली, पण आईने नुसतं पाहिलं आणि ती जागीच थांबली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. पण पायाखालचं काँक्रीट तेवढंही मऊ नव्हतं.

"याला अजून किती दिवस लागतील?" आईने विचारलं.

"थंडी आहे. दोन महिने धर."

"तू दीड वर्षाचा झालास तरी पाऊल टाकत नव्हतास. लोक काय काय बोलायचे. मी थांबलेच ना?"

परिषदांमध्ये तास तास बोलणाऱ्या त्या माणसाचे डोळे भरून आले.

तेवढ्यात गवंडी घरामागून दोन फळ्या घेऊन आला. रॅम्प ओतला त्याच दिवशी त्याने त्या मापाने कापून ठेवल्या होत्या. आईने खुर्ची मागे घेतली, त्याने फळ्या रॅम्पवरून उंबऱ्यापर्यंत टाकल्या, आणि आई स्वतःच्या हाताने चाकं फिरवत घरात गेली.

दुसऱ्या दिवशी मुलाने तुटलेली कड त्याच राखेच्या काँक्रीटने भरली. त्यानंतर रोज दुपारी आई दारात बसून रॅम्पवर तांब्याने पाणी घाली आणि वरून गोणपाट नीट करी. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आमच्याकडे सगळंच जरा उशिरा घट्ट होतं. हे ऐकून सर्वांत मोठ्याने तोच हसे.

साठाव्या दिवशी फळ्या काढल्या. आई खाली उतरली, वळली आणि वर चढू लागली. तो दोन्ही हात पुढे करून तिच्या मागे मागे.

"हात काढ," मागे न बघता ती म्हणाली. "तू चालायला लागलास तेव्हा मीही काढले होते."

त्याने हात काढले.