नळाजवळची कडी

"एकशे सत्तेचाळीस," मेर्ल म्हणाली आणि बिअरचा डबा उघडायची आणखी एक मळकी कडी तिने बादलीत टाकली.

"मोजू नकोस गं," तिचा नवरा क्लाइव्ह गुडघ्यांवर बसून माती उकरत होता.

"मग काय करू? नऊ वर्षं नळाजवळ, नळाजवळ म्हणून ओरडतेय. तू आपला त्या झाडाखाली!"

१९८१ साली चर्चच्या सहलीत बशा धुताना मेर्लची लग्नाची अंगठी गावच्या बागेतल्या या नळापाशी पडली होती. निवृत्त झाल्यावर ती शोधायला म्हणून आमच्या या प्लंबरने मेटल डिटेक्टर घेतला आणि पहिल्याच दिवशी एल्मच्या मोठ्या झाडाखाली त्याला १९१२ सालची पेनी सापडली. झालं. त्यानंतर माणूस जुन्या पेन्या-शिलिंगांच्या मागे लागला. नळाकडे गेला की यंत्र नुसतं कोकलायचं, कारण आमच्या गावाने तिथे पन्नास वर्षं बिअर पिऊन रविवार साजरे केलेले. कंटाळून त्याने यंत्राला डब्यांच्या कड्यांपुरतं बहिरं करून टाकलं, आणि या युक्तीचा त्याला अभिमान होता.

गेल्या मंगळवारी मेटल डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात एक्याऐंशी वर्षांच्या ईनिड पास्को एका नवख्याला म्हणाल्या, "कडीचा आवाज कधी बंद करायचा नाही हं, बाळा. सोन्याची अंगठी आणि डब्याची कडी यंत्राला सारखीच ऐकू येते." क्लाइव्हच्या हातातला केक तोंडापाशीच थांबला. हा धडा क्लबात दरवर्षी होतो. तेव्हा क्लाइव्ह मागच्या बाकावर कुणालातरी आपल्या पेन्या दाखवत असतो.

आणि उद्या सोमवारी नळाभोवती काँक्रीट पडणार होतं. मुलांना स्केटबोर्डवरून, त्या चाकांच्या फळ्यांवरून, आपटायला जागा हवी होती.

दुपार कलेपर्यंत दोनशे तीन कड्या झाल्या, शिवाय एक चमचा आणि एका कुत्र्याचा बिल्ला. नारिंगी फीत बांधायला नगरपालिकेचा वॉरिक आला. क्लाइव्ह गवताचा चौकोन परत खड्ड्यावर बसवून तळहाताने थोपटत होता.

"अहो क्लाइव्ह, बुजवताय कशाला? उद्या सकाळी सातला मी हे सगळं खणणारच आहे."

"खड्डा उघडा टाकून जात नसतो माणूस."

"बरं बाबा." वॉरिकने फीत खाली ठेवली. "अर्धा तास देतो. मेर्ल, एवढं काय हरवलंय?"

"याची अक्कल," मेर्ल म्हणाली. "अंगठी त्यामानाने लहान होती."

अर्ध्या तासात आणखी नऊ कड्या निघाल्या. मग यंत्राची बॅटरी संपली. क्लाइव्ह कानांवरचे हेडफोन गळ्यात घेऊन तसाच बसून राहिला.

"मेर्ल, माझ्या पायाखाली होती गं. नऊ वर्षं मीच तिला गप्प बसवलं."

मेर्लने घड्याळाकडे पाहिलं.

"तो शेवटचा चौकोन नीट बसलेला नाही. कोपरा वर आलाय बघ."

क्लाइव्हने कोपरा दाबला. तिने थर्मासमधला उरलेला गार चहा त्या गवताच्या मुळाशी ओतला. मुळं धरावीत म्हणून असं पाणी घालायची क्लबात रीत आहे. फीत हातात घेऊन वॉरिक लांब उभा राहिला आणि चहा पूर्ण जिरेपर्यंत थांबला.